कंपायलर एक्सप्लोरर : पत्त्यांचा हिशेब डोळ्यांसमोर

कंपायलर (मूळ कोडचे यंत्राच्या सूचनांमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम) मेमरीतील पत्त्यांचा हिशेब कोणत्या क्रमाने करतो हे तपासायचे असेल, तर मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळाइतके सोयीचे साधन माझ्या तरी वापरात आलेले नाही. डावीकडे मूळ कोड आणि उजवीकडे त्याची असेम्ब्ली (यंत्राच्या सूचनांचे वाचता येणारे रूप), एवढाच त्याचा थाट आहे.

सी भाषेत तीन इंटचे (४-४ बाइटच्या पूर्णांकांचे), म्हणजे १२ बाइटचे स्ट्रक्चर घेऊन त्याच्या अ‍ॅरेतील एका घटकाचे दुसरे फील्ड वाचणारे फंक्शन लिहिले, तर १२ ने केलेला गुणाकार उजवीकडे दिसतच नाही. एक्स८६-६४ या इंटेल-एएमडीच्या प्रोसेसर-रचनेत पत्त्यातील इंडेक्सला १, २, ४ किंवा ८ नेच गुणता येत असल्यामुळे, कंपायलर आधी पत्त्याची आकडेमोड करणाऱ्या एका ‘ली’ इन्स्ट्रक्शनने इंडेक्सची तिप्पट करून घेतो आणि उरलेली चौपट, बेस (अ‍ॅरेचा आरंभीचा पत्ता) व फील्डचे ४ बाइटचे अंतर लोडच्या (मेमरीतून वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) पत्त्यातच उरकतो. कंपायलरच्या यादीतून रिस्क-फाइव्ह ही दुसरी प्रोसेसर-रचना निवडली की तेच काम शिफ्ट आणि बेरजांमध्ये विखुरते, कारण तेथील लोडमध्ये बेस आणि १२ बिटांचे स्थिर अंतर यांपलीकडे काही मावत नाही. ते ४ बाइट मात्र येथेही शेवटच्या लोडसाठीच राखून ठेवलेले असतात.

माझी आवडती चाचणी याहून लहान आहे. अ‍ॅरेचा इंडेक्स ‘आय अधिक एक’ असा लिहावा आणि आय आधी साधा इंट, मग अनसाइन्ड (ऋण नसलेला पूर्णांक) ठेवून पाहावा. इंटची मर्यादा ओलांडणे भाषेलाच मान्य नसल्याने पहिल्या वेळी तो ‘एक’ ४ बाइटचे अंतर बनून लोडमध्ये विरघळतो. अनसाइन्डची बेरीज मात्र ३२ बिटांत गुंडाळली जाणे (मर्यादा संपली की पुन्हा शून्यापासून) बंधनकारक असल्याने ती आधी, वेगळ्या इन्स्ट्रक्शनने करावी लागते. पाठ्यपुस्तकाची दोन पाने वाचूनही हे इतके स्वच्छ कळत नाही.

ऑप्टिमायझेशनचा (कोड वेगवान करण्याचा) पर्याय स्वतः द्यावा लागतो. तो विसरल्यास स्टॅकवरची (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतली) ने-आणच समोर येते (नवशिके येथेच बिचकतात). ओळींना जुळवणारे रंग सुरेख आहेत, परंतु वरच्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनमध्ये ओळी एकमेकींत मिसळतात आणि रंगांवर फार विसंबता येत नाही. अशा वेळी एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या प्रत्येक पासआधीचा (ऑप्टिमायझेशनच्या एकेका फेरीआधीचा) व नंतरचा कोड दाखवणारी खिडकी उघडावी. कोणती बेरीज कोणत्या टप्प्यावर पुढेमागे सरकली, ते तेथे सापडते. कोड सर्व्हरवर जात असल्याने कार्यालयातील गोपनीय कोडसाठी मात्र, स्रोत खुला असल्याचा फायदा घेऊन, ते आपल्याच यंत्रावर चालवावे.