पंचिंग बॅग, नऊ महिने वापरल्यावर : भरण, झोपाळ्याची कडी आणि चेनचं प्रकरण

आधी आताची परिस्थिती सांगते. बॅग हॉलमध्ये लटकलेली आहे, रोज मार खाते आहे आणि तिच्या डोक्यावर स्टेशनजवळच्या छत्री-बॅगवाल्याने बसवलेली दहा नंबरची, म्हणजे जाड दातांची, धातूची चेन आहे. कंपनीची चेन मार्चमध्येच गेली. त्या चेनपायी कंपनीशी सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि खरं तर त्या चिडीतच हे लिहायला घेतलंय. पण 'बॅग घेऊ का, कुठली घेऊ' असं विचारणाऱ्या लोकलमधल्या तिघीजणी आहेत, त्यामुळे आधी कामाचं, मग चेनचं.

आम्ही डोंबिवलीत, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लेक चौदा वर्षांची, किकबॉक्सिंगच्या क्लासला जाते. २०१२ साली ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि मेरी कोमने लंडनला कांस्य घेतलं, तेव्हा ही वर्षाची होती आणि मॅच बघताना तिला वरणभात कानात भरवल्याचं घरात अजून काढतात. तर बॅग तिच्यासाठी म्हणून दसऱ्याच्या सेलमध्ये घेतली. आज तिच्यापेक्षा मी जास्त वापरते. संध्याकाळी घरी आल्यावर तीन मिनिटं ठोसे, एक मिनिट दम, असे पाच राउंड. त्यानंतर माझ्याशी कुणीही बोलू शकतं.

घेतली ती चार फुटी, चौदा इंच व्यासाची, रिकामी. भरलेली दुकानात साडेसहा हजारांना सांगितली, वर तीन मजले चढवायचे पैसे वेगळे. रिकामी १,३४९ रुपयांत घडी घालून दारात आली. कापड जाड रेक्झिनसारखं आणि नऊ महिन्यांत त्याला एक चीर नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. सोबत 'फ्री' आलेले ग्लोव्ह्ज मात्र बाहुल्यांचे आहेत. त्यांच्यात फोम आहे असं म्हणतात, मला तो सापडला नाही. ते बाजूला ठेवून बारा औंसाचे वेगळे घ्या.

पण ते कळायच्या आधी मी पहिला आठवडा शहाणपणा करून नुसत्या हातांनी मारलं. रेक्झिन बोटांच्या गाठींवरची सालं काढतं. मारताना काही वाटत नाही. रविवारी सरबताला लिंबं पिळताना वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मनगट मुरगळलं. मग लेकीच्या सरांनी पट्टी बांधायला शिकवली. १८० इंची, म्हणजे साडेचार मीटर लांब : अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, गाठींवर तीन, मग बोटांच्या मधून. त्यांनी आणखी एक सांगितलं, ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर लागला पाहिजे. करंगळीच्या बाजूने लागला तर तिकडचं तळहाताचं हाड मोडतं, आणि त्या मोडण्याला डॉक्टरांकडे बॉक्सरचंच नाव आहे. अडीचशे रुपयांच्या पट्ट्यांची जोडी घ्यायला मी आठवडाभर का थांबले, याचं उत्तर 'कपाटात क्रेप बँडेज होतं की' असं आहे. क्रेप बँडेज ताणतं. मनगट त्यातच मुरगळलं.

लटकवायचं कुठे हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि माझं नशीब इथे चांगलं निघालं. आधीच्या मालकांचा हॉलमध्ये झोपाळा होता. झोपाळा ते घेऊन गेले, कड्या राहिल्या. अशा कड्या स्लॅब ओततानाच आतल्या सळ्यांना अडकवून टाकतात. ज्या कडीने दोन धडधाकट माणसं वर्षानुवर्षं झोके घेताना पेलली, तिला तीस किलोची बॅग जड नाही. तरी मिस्त्रीला बोलावून गंज बघून घेतला. त्याने कडीला लोंबकळूनच दाखवलं. तुमच्याकडे कडी नसेल तर बीममध्ये दहा किंवा बारा मिलिमीटरचे फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, मारून घ्यावे लागतील. आणि पंख्याच्या हुकाला कृपा करून लटकवू नका. पंखा चार-पाच किलोचा असतो आणि निमूट एका जागी फिरतो. बॅग हिसके देते.

मला वाटलं होतं, तक्रार खालचे करतील. खालच्यांना पत्ताही नव्हता. आल्या त्या वरच्या काकू. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन, आणि बॅगेचा प्रत्येक हिसका कडीतून सरळ तिथे जातो, हे मला त्या दारात उभ्या राहिल्यावर कळलं. "अगं, तू रोज साडेआठला काय कुटतेस? मालिका बघताना माझ्या तळपायांना धक्के बसतात." वर नेऊन त्यांनी मला चप्पल काढून उभं केलं आणि लेकीला खाली मारायला सांगितलं. खरंच बसतात.

यावर उपाय निघाला. कडी आणि बॅग यांच्यामध्ये बॅगेसाठीच मिळणारी जाड स्प्रिंग लावली, ३८० रुपये. कडीत जिथे लोखंडावर लोखंड बसतं तिथे स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा कापून घातला, तो गॅरेजवाल्याने फुकट दिला. धक्के पूर्ण गेले नाहीत, निम्म्याहून कमी झाले. शिवाय नऊनंतर मारायचं नाही असं ठरलं. काकू आता जिन्यात भेटल्या की "काल नव्हतीस वाटतं?" विचारतात. सोसायटीत इतकं लक्ष माझ्याकडे कधी कुणी दिलं नव्हतं.

आता भरण. इथे माझं मत दोनदा बदललं. पहिल्यांदा वाटलं, चिंध्याच तर भरायच्यात. दोन जुन्या गाद्यांची अभ्रं, साड्या, चादरी, सासऱ्यांचे लेंगे, सगळं अख्खंच्या अख्खं कोंबलं. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन भरलं १७ किलो. मारलं की बॅग पळायची आणि परत येऊन आपल्यालाच ढकलायची. आपल्या वजनाच्या साधारण निम्मी बॅग असावी असा ढोबळ हिशोब आहे. मी ५८ किलोची, म्हणजे एकोणतीस-तीस हवी. तेव्हा नवऱ्याने सुचवलं, वाळू घाल. घालू नका. मोकळी वाळू चार दिवसांत तळाशी जाऊन बसते आणि तिथे सिमेंटचा ठोकळा तयार होतो. वजन भागतं आणि मनगट जातं. वाळू घालायचीच तर जाड कापडाच्या छोट्या पुरचुंड्या शिवून बरोब्बर मधोमध, भोवती सगळीकडून कापड.

मी वाळू घातलीच नाही. एमआयडीसीत यंत्रं पुसायला होजिअरीच्या चिंध्या किलोवर मिळतात, तीस रुपयांनी १४ किलो आणल्या. शिंप्याकडची कात्रणंही चालतील. उल्हासनगरकडची जीन्सची कात्रणं मिळाली तर मात्र एकेक तुकडा तपासून रिव्हेट आणि बटणं काढा, नाहीतर एखाद्या दिवशी ठोसा नेमका बटणावर बसेल. बॅग रिकामी करून सगळं पुन्हा भरलं. मोठं कापड तळहाताएवढं कापायचं, वीतभर थर टाकायचा आणि ठोकायचा. ठोकायला सासूबाईंचं मुसळ काढलं. त्या आधी रागावल्या, मग "तुला जोर लावता येत नाही" म्हणून स्वतः ठोकायला बसल्या. त्यांनी ठोकलेला खालचा निम्मा भाग आजही वरच्या निम्म्यापेक्षा एकसारखा आहे. भरून झाल्यावर वजन ३१ किलो. त्या दिवशी पहिल्यांदा बॅगेने 'थप्प' असा आवाज केला. तोवर नुसती 'फुस्स' होती.

इथवर मी पाचपैकी पाच दिले असते. पण भरण बसतं. दीड-दोन महिन्यांत वर वीतभर पोकळी होते, तिथे आणखी चिंध्या घालाव्या लागतात, आणि तिथे जायचा रस्ता चेनमधून आहे.

तर ती चेन. बॅगेच्या डोक्यावर अर्धगोल, प्लास्टिकच्या दातांची, बारीक. माझ्या लेकीच्या दप्तराची चेन हिच्यापेक्षा जाड आहे. तीस किलो कापड ठासून भरायच्या पिशवीला कंपासपेटीची चेन लावावी हे ज्याला सुचलं त्याला मला एकदा भेटायचंय. कापड दुप्पट शिवण, पट्टे दुप्पट शिवण, लटकवायच्या रिंगा जाडजूड, आणि या सगळ्याचं तोंड बंद करायला ही. बॅगेवर 'हेवी ड्यूटी' छापलंय ते बरोबर चेनच्या खाली. मार्चमध्ये दुसऱ्यांदा भरताना रनर हातात आला आणि दात फाकले ते फाकलेच. सहा महिन्यांची वॉरंटी होती, पाचवा चालू होता. अॅपवर तक्रार टाकली : चेन तुटली, फोटो जोडला आहे.

आठ दिवसांत पार्सल. इतक्या लवकर! मी घरात कंपनीचं कौतुक केलं. उघडलं तर लोखंडी साखळी. चार पदरी, हुकासकट, बॅग लटकवायची.

चूक माझी होती असं मी आधी धरलं. आपण पँटची चेन म्हणतो, सायकलची चेन म्हणतो, गळ्यातली चेन म्हणतो, त्यांनी काय ते समजायचं? म्हणून फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. "मॅडम, चेन मिल गई ना?" म्हटलं, मिळाली, पण लटकनेवाली नको, बंद करनेवाली चेन हवी. "बंद करनेवाली मतलब लॉकवाली?" मी म्हटलं, पँट को होती है वैसी. पलीकडे बराच वेळ शांतता. मग "नोट कर लिया मॅडम." त्याने काय नोट केलं ते एप्रिलमध्ये कळलं. दुसरं पार्सल, दुसरी लोखंडी साखळी, या वेळी मोठ्या हुकाची.

मग 'झिप' असं लिहून नवी तक्रार केली. त्याला उत्तर आलं की ग्राहकाने स्वतः भरलेल्या बॅगेच्या झिपला वॉरंटी लागू नाही. रिकामी म्हणून विकलेली बॅग ग्राहक भरणार नाही तर काय घालून ठेवणार? हे मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. तक्रार 'समाधानपूर्वक निकाली' अशी बंद झाली.

छत्री-बॅगवाल्याने बॅगेचं रिकामं तोंड उलटसुलट बघितलं आणि एवढंच म्हणाला, "ही चेन पर्सची आहे." १५० रुपयांत दहा नंबरची चेन, दोन शिवणी, आणि वरून झाकण म्हणून रेक्झिनची पट्टी, तिला आयलेट मारून नाडी. आता ताण नाडीवर येतो, चेन फक्त तोंड मिटते. हे कंपनीला वीसेक रुपयांत जमलं असतं.

आता मत पुन्हा थोडं बदलतंय, कारण चुकून आलेली पहिली साखळी उपयोगी पडली. आमचं छत सव्वानऊ फूट, मी पाच-तीन. मूळ साखळीवर बॅग इतकी वर राहायची की मी तिच्या पोटात मारायचे आणि लेकीच्या लाथा खालून जायच्या. जादा साखळीचे पदर दुहेरी करून जोडले, बॅग फूटभर खाली आली, आणि तिचं डोकं आता माझ्या डोक्याच्या वर जेमतेम दीड वीत असतं. हे आधीच करायला हवं होतं. लेकीला खालच्या लाथांसाठी तरी ती आखूडच पडते. घरात लाथा मारणारं कुणी असेल तर चार फुटी घेऊ नका, पाच-सहा फुटी घ्या. दुसऱ्या साखळीला तुळशीशेजारची मनी प्लँटची कुंडी टांगली आहे.

उभी बॅग घेऊ का, असं एकीने विचारलंय. मैत्रिणीकडे आहे, बुडात पाणी भरायची. तिच्या गुळगुळीत टाइल्सवर ती प्रत्येक ठोशाला थोडी सरकते आणि राउंड संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात जाते. भाड्याच्या घरात छताला हात लावता येत नसेल तरच घ्या.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बॅगेतून कुबट वास यायला लागला. रेक्झिन बाहेरून पुसता येतं, आत ओल धरली की कठीण. नाडी सोडून वरचा थर काढला, पंख्याखाली वाळवला आणि जाताजाता वेखंडाच्या चार पुरचुंड्या आत टाकल्या. मी हे मे महिन्यातच, कडक उन्हात करायला हवं होतं. चिंध्या भरायच्या आधी गच्चीवर दोन ऊनं द्या.

सगळा हिशोब : बॅग १,३४९, चिंध्या ४२०, स्प्रिंग ३८०, ग्लोव्ह्ज ११००, पट्ट्या २५०, नवी चेन १५०. म्हणजे ३,६४९ रुपये. बॅगेला पाचपैकी चार. चेनसाठी वेगळं खातं असतं तर शून्य दिलं असतं, पण एकत्रच द्यायचेत म्हणून साडेतीन.

हे लिहून ठेवलं होतं आणि काल संध्याकाळी कंपनीचं आणखी एक पार्सल आलं. सोबत चिठ्ठी आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अजून फोडलं नाही. हलवून बघितलं, आत खळखळतंय.