बावीस हजारांची शांतता आणि पेडव्याचा काटा

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलाने आणि सुनेने आम्हाला समुद्रकाठच्या एका भारी रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचं बुकिंग करून दिलं. "आई, पूर्ण एकांत आहे. आजूबाजूला चिटपाखरू नाही," असं सून कौतुकाने सांगत होती. पत्ता वाचला आणि मला हसूच आलं. वेंगुर्ला तालुक्यातला हा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, माझ्या माहेराहून जेमतेम बारा किलोमीटर. लहानपणी आम्ही तिथे करवंदं काढायला जायचो आणि आजूबाजूला चिटपाखरू नसतं म्हणूनच आई तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकू द्यायची नाही. आता त्याच कारणासाठी एका रात्रीचे बावीस हजार.

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. तिथे राबणारी पोरं आसपासच्या वाड्यांमधली आहेत आणि तक्रार मालकाबद्दल असली तरी ओरडा त्यांनाच बसतो. या पट्ट्यात आता अशी ठिकाणं बरीच झाली आहेत, तेव्हा लिहिते त्यातलं निम्मं तरी इतरांनाही लागू पडेल.

आम्ही डिसेंबरात गेलो, मंगळवार-बुधवार. ठाण्याहून कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरलो. पहिली गोम इथेच आहे. गाडी सकाळी पोचते आणि खोली मिळते दुपारी दोनला. लवकर हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे, पण विमानाच्या वेळा आधी बघून मगच बेत करा. स्टेशनवरून न्यायला रिसॉर्टची गाडी येते, तिचे साडेतीन हजार. ते मुलाने आधीच भरले होते, नाहीतर मी रिक्षा केली असती. एरवी कुडाळला उतरलं की मी थेट दादाकडे जाते. या वेळी दादाला कळवलंच नव्हतं. बहीण आणि मेव्हणा गावात येऊन पैसे देऊन दुसरीकडे झोपतात हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? त्यामुळे कोकम सरबताचे दोन पेले पिऊन आम्ही वेताच्या खुर्च्यांवर चोरासारखे बसून राहिलो. खोली दीडच्या सुमारास मिळाली.

खोली म्हणजे सुटं घरच. सड्याच्या उतारावर अशी नऊ घरं आहेत आणि एकातून दुसरं दिसत नाही. भिंती चिऱ्याच्या, गिलावा न केलेल्या, वर मंगलोरी कौलं, खाली तांबडा कोबा. पुढे ओटा आणि ओट्याला लागून कमरेइतक्या पाण्याचं छोटं कुंड. ज्याने कुणी हे बांधलं त्याला कोकणातलं घर कळतं. वाऱ्याची दिशा बघून खिडक्या काढल्यात, त्यामुळे दुपारीसुद्धा एसी लावावा लागला नाही. न्हाणीघराला अर्धं छप्पर आहे, उरलेल्या अर्ध्यातून आंब्याची फांदी आत आलीय. फोटोत फार छान दिसतं. प्रत्यक्षात त्या फांदीवरून ओंबील, म्हणजे झाडावरच्या मुंग्या, खाली उतरतात आणि तांबडा ओंबील ओल्या पाठीला चावला की माणूस कसा नाचतो ते मी यांच्याकडे पाहून सांगू शकते.

हे साताऱ्याकडचे. समुद्र त्यांना आवडतो, पण लांबून. घरी दर अर्ध्या तासाने "आता काय करायचं?" विचारणारा हा माणूस पहिल्या दुपारी ओट्यावरच्या आरामखुर्चीत तोंडावर टॉवेल टाकून अडीच तास झोपला. टीव्ही नाही, मोबाइलला रेंज फक्त जेवणघरापाशी, खालून सारखी समुद्राची गाज. डोंबिवलीत आमच्या खिडकीखाली रिक्षास्टँड आहे, त्यामुळे शांततेची किंमत मला कळते. ती इथे खरी आहे, जाहिरातीपुरती नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना इथे घेत नाहीत, हेही शांततेचं एक कारण. माझ्या नातवाला घेऊन येता येणार नाही याचं वाईट वाटलं, आणि शेजारच्या घरात कुणाचा नातू नाही याचं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

रात्री ओट्यावर बसलं की क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाची उघडमीट दिसते. त्याच्या अलीकडे त्या रात्री पांढऱ्याफेक दिव्यांची एक रांग होती. शेजारच्या घरातलं पुण्याचं जोडपं ती बघून हरखून गेलं, फोटो काढले. मी काही बोलले नाही. असा उजेड पाण्यावर पाडून मासळी गोळा करतात, त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय, आणि काठावरून जाळं ओढणारे रापणकर ते दिवे बघून काय शिव्या देतात त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आता पायऱ्या. किनाऱ्यावर उतरायला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, मी मोजल्या. निम्म्या वाटेपर्यंत बॅटरीवरची गाडी सोडते, तीही रात्री दहापर्यंतच. खालच्या टप्प्याला कठडा नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे दिवसातून एकदाच उतरायचं असं ठरवून टाकलं. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा तर साठीच्या पुढच्यांनी हा बेत करूच नये. संकेतस्थळावर 'समुद्राला लागून' असं लिहिलंय. उभ्या रेषेत मोजलं तर आहे लागून.

तिथेच 'खासगी किनारा' असंही लिहिलंय. असा किनारा नसतो. भरतीची वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही, आणि तिथे जाळं ओढणाऱ्यांचे आजे-पणजे हे रिसॉर्ट नव्हतं तेव्हापासून ओढताहेत. बुधवारी सकाळी उतरले तर रापण लागलेली. होडीने अर्धवर्तुळ घालून जाळं सोडलेलं आणि दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं दोर ओढताहेत. पुण्याची बाई नाकाला ओढणी लावून लांब उभी होती आणि रिसॉर्टचा पोरगा तिची समजूत घालत होता की हे लोक अर्ध्या तासात जातील. अर्ध्या तासात कुठली जातात! रापण म्हणजे दोन-अडीच तासांचं काम.

मी चपला काढल्या आणि दोराला लागले. दोर ओला, खरखरीत, काथ्याचा नव्हे आता, नायलॉनचा. पायाखालची वाळू सरकत राहते म्हणून टाचा रुतवून मागे झुकायचं, एकाच्या लयीत सगळ्यांनी. चाळीस वर्षांनी हात लावला, पण पाय विसरले नव्हते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "खयसून इल्यात?" मी म्हटलं, "मी हयलीच." त्याने एकदा माझ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं, एकदा वर रिसॉर्टकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. जाळं वर आलं तेव्हा आत पेडवेच जास्त, थोडे बांगडे, दोन कुर्ल्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. दोराला हात लावणाऱ्याला ओंजळभर मासळी द्यायची रीत आहे. मला ओढणीत पंचवीसेक पेडवे मिळाले.

जेवणाबद्दल आधी जे आहे ते सांगते. न्याहारी खोलीच्या भाड्यातच आहे आणि ती उत्तम. जवळच्याच वाडीतली एक बाई समोर बिडाच्या तव्यावर घावणे घालते, जाळीदार, कडेला कुरकुरीत. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दोन्ही दिवस आम्ही दुपारचं जेवण टाळलं ते या न्याहारीच्या जिवावर. दुपारची-रात्रीची थाळी मात्र पाहुण्यांसाठी केलेली आहे. साडेचौदाशे रुपयांत सुरमईची एक तुकडी, तिखट असं की नसल्यासारखं, आणि सोलकढी. ती सोलकढी गुलाबी होती, गार होती, पेला देखणा होता, पण कोकमाचं आगळ घातलंय की सरबताच्या बाटलीतलं काही ते पहिल्या घोटालाच कळलं. नारळही पुडीतला असावा, जिभेवर पिठूळ लागत होता. मागे माडांची बाग आहे. हे मला अजून पटलेलं नाही.

म्हणून मी पेडवे घेऊन स्वयंपाकघरात गेले. मॅनेजर म्हणाले, बाहेरचं काही शिजवून देता येत नाही, नियम आहे. माणूस मऊ बोलणारा, टाय लावलेला. मी म्हटलं, बाहेरचं कसलं, तुमच्याच खासगी किनाऱ्यावरचं आहे. घावणेवाल्या बाईने पदराआड हसत पिशवी माझ्या हातातून घेतली. रात्री मातीच्या तवलीतून पेडव्याचं तिखलं आलं. तिरफळं ठेचून घातलेली, कोकमं, लाल मिरची, रस अंगाबरोबर. दोन दिवसांत खाल्लेलं हे एकमेव मालवणी जेवण. यांनीसुद्धा साताऱ्याचा हट्ट सोडून सात-आठ पेडवे खाल्ले आणि नवव्याला काटा अडकला.

रात्रीचे सव्वाअकरा. आम्ही खोलीवर परतलो होतो, हे सारखे खाकरत होते, डोळ्यांत पाणी. आमच्याकडे यावर एकच उपाय, कोऱ्या भाताचा गोळा न चावता गिळायचा. खोलीतला फोन उचलला तर पलीकडे कुणीच घेत नाही, कारण स्वयंपाकघर अकराला बंद होतं. मोबाइलला रेंज नाही. बॅटरीची गाडी दहाला थांबलेली. जवळचा दवाखाना तेरा किलोमीटर, तोही रिसॉर्टच्याच गाडीने. दुपारपर्यंत मला आवडलेला तो एकांत तेव्हा अंगावर आला. विजेरी घेऊन मी चढ चढत फाटकापर्यंत गेले. तिथे पहारेकरी स्टुलावर डबा उघडून बसला होता. मी सांगितलं, तसा तो हसला नाही की घाबरला नाही. "काटो अडाकलो? थांबा हां, भात आसा." डब्यातला भात, वर अजून आमटी ओतलेली नव्हती, त्यातला निम्मा त्याने झाकणात काढून दिला. दुसऱ्या घासाला काटा गेला.

सकाळी बिल. बँकेत उमेद गेल्यामुळे मी बिल वरून खाली वाचते. खोलीचे दोन रात्रींचे चव्वेचाळीस हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५१,९२०. साडेसात हजारांवरच्या खोलीला अठरा टक्के लागतो, त्याखाली आता पाच, तेव्हा त्यात रिसॉर्टची चूक नाही. ते मुलाने भरलेलं होतं. आमचं उरलेलं बिल जेवणाचं. त्यात खाली दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं. हे आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी एवढं म्हणताच टायवाल्यांनी वाद न घालता ते काढलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. जो विचारत नाही त्याच्याकडून घ्यायचं, एवढंच.

आणि त्याच्या वरची ओळ, 'स्पेशल फिश करी, ९५०'. अधिक अठरा टक्के, एकूण अकराशे एकवीस. मासे माझे, म्हणजे रापणकरांनी मला दिलेले. मी बोट ठेवलं तर म्हणाले, करणावळ. हे मात्र मी भरलं. त्यातले शंभर तरी त्या बाईच्या हातात पडतात का, विचारावंसं वाटलं, पण ती तिथेच उभी होती. मग मागच्या दाराने जाऊन तिला आणि फाटकावर थांबून पहारेकऱ्याला आमच्या आमच्यात काय द्यायचं ते दिलं.

कुणी जावं? गुडघे धड असलेल्या दोघांनी, आठवड्याच्या मधल्या वारी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दोनच रात्री. तिसऱ्या रात्री त्याच थाळीचा कंटाळा येईल. रोजची औषधं, पित्ताची गोळी, डासांचं मलम आणि थोडा कोरडा खाऊ घरून न्या, तिथे वाण्याचं दुकान नाही. डॉल्फिन बघायची सहल रिसॉर्टकडून घेऊ नका, निवतीच्या बंदरावर जाऊन होडीवाल्याशी स्वतः बोला. आणि मासे खायचे असतील तर थाळी सोडून घावणेवाल्या बाईला आदल्या दिवशी विचारा, काय मिळेल.

निघताना गाडी तीच, चालकही तोच, परवाचाच. वळणावर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुमच्या दादांका काल बाजारात सांगितलंय हां मी, तुम्ही इल्यात म्हणून." मी डोक्याला हात लावला. कुडाळऐवजी गाडी माहेराकडे वळवायला सांगितली.

दादा अंगणात सुपाऱ्या पसरत होता. मान वर न करता विचारलं, "एका रातीचे किती घेतल्यानी?"

मी खरा आकडा सांगितला. कर सोडून.

तो थोडा वेळ सुपाऱ्याच पसरत राहिला. मग म्हणाला, "न्हेरी धरून मा?"