चाउमेन मागवावं की लोमेन?

अमेरिकेतल्या चायनीज टेकआउटच्या मेनूवर ही दोन नावं एकाखाली एक असतात. नूडल्स दोन्हीकडे गव्हाचेच, बहुधा अंडं घातलेले. फरक पडतो तो कढईत. चाउमेनचे नूडल्स मोठ्या आचेवर तेलात परततात, तर लोमेनचे जरा जाड नूडल्स उकडून शेवटी सॉसमध्ये घोळवतात.

मात्र मागवण्याआधी गाव बघा. कॅलिफोर्नियात चाउमेन म्हणजे मऊ, परतलेले नूडल्स. पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी त्याच नावाने दाटसर सॉसमधल्या भाज्या नि मांस येतं, सोबत तळलेले कुरकुरीत नूडल्स. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला तर ते सगळं पावात घालून खातात.

पोटाला सगळ्यात जड हे कुरकुरीत चाउमेनच, कारण नूडल्स चक्क तळलेले. मऊ चाउमेन आणि लोमेन यांच्या कॅलरीत मोठं अंतर नसतं. खरी काळजी मिठाची. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे 2000. लोमेनला सॉस जास्त लागतो, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी त्यापासून जपावं. अजिनोमोटोची भीती मात्र सोडा, त्यात साध्या मिठाच्या जेमतेम एक तृतीयांश सोडियम असतं.

‘हे खरं चिनी जेवण नव्हेच’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. ग्वांगडोंगमधल्या ताइशानची माणसं एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात आली. 1882च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली. 1915मध्ये न्यायालयाच्या निकालामुळे हॉटेलमालकांना व्यापाऱ्यांचा दर्जा मिळू लागला, चीनला ये-जा करण्याची आणि नातलगांना आणण्याची वाट उघडली, आणि चिनी हॉटेलं झपाट्याने वाढली. सेलरी, कोबी अशा हाताशी असलेल्या भाज्या आणि अमेरिकी गिऱ्हाइकाची जीभ सांभाळून त्यांनी रांधलेलं हे अन्न आहे. परक्या देशात टिकून राहण्यासाठी उपसलेले कष्ट त्यात आहेत आणि त्यांचा मान राखायलाच हवा.

माझा कौल मऊ चाउमेनला: भाज्या जास्त, सॉस कमी असं सांगून मागवा. कडकडून भूक लागली असेल आणि रसदारच हवं असेल, तर लोमेनची एक प्लेट दोघांत घ्या. शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका. सॉसमध्ये ऑयस्टर, म्हणजे कालवं, आहेत का आणि नूडल्समध्ये अंडं आहे का, हे दोन्ही विचारून घ्या.