वायफाय सिक्युरिटी कॅमेरा: बरेच महिने वापरल्यानंतरचा सविस्तर अनुभव

एक मुख्य दारावर आणि एक मागच्या बाजूला असे दोन वायफाय कॅमेरे आता बरेच महिने सलग चालू आहेत म्हणून लिहितेय. दोन्ही १०८०पी, मेमरी कार्डवाले, रात्री इन्फ्रारेडवर चालणारे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे जे झालं त्यातलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात होऊ शकतं. घेताना आपण सगळे मेगापिक्सेल बघत बसतो, पण कॅमेरा रोज नीट चालतो की नाही हे ठरतं त्याला मिळणाऱ्या विजेवर आणि वायफायवर, हे आता मी कुणालाही ठासून सांगेन.

सेटअपचं आधी. बहुतेक घरगुती कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात आणि हल्लीचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, त्यामुळे फोन असतो ५ वर, कॅमेरा शोधतो २.४, आणि अॅप नुसतं गोल फिरत राहतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बँडची नावं वेगळी करा, फोन २.४ वर घ्या आणि मग क्यूआर कोड दाखवा, लगेच जोडला जातो. तरीही नाही झालं तर वायफायची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) वर आहे का ते बघा, जुन्या चिपच्या कॅमेऱ्यांना ते कळत नाही, डब्ल्यूपीए२ ठेवावं लागतं. आणि हे सगळं कॅमेरा भिंतीवर ठोकायच्या आधी, राउटरच्या शेजारी टेबलावर ठेवून करा, शिडीवर उभं राहून नाही.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त छळलं ती. मागचा कॅमेरा दिवसभर एकदम व्यवस्थित आणि अंधार पडला की ऑफलाइन, मग दोन मिनिटांनी परत चालू, परत बंद, रात्रभर हेच. कस्टमर केअरने फॅक्टरी रिसेट करायला सांगितलं, केलं, काही फरक नाही. मग राउटरचा चॅनल बदलून पाहिला, फर्मवेअर अपडेट केलं, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की फक्त रात्रीच होतंय म्हणजे रात्री कॅमेऱ्यात काय वेगळं चालू होतं ते बघायला हवं, आणि ते म्हणजे इन्फ्रारेडचे एलईडी. ते पेटले की कॅमेरा दिवसापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. माझ्याकडे अॅडॉप्टर घरात आणि कॅमेरा बाहेर, मधे लांबलचक बारीक यूएसबी केबल, तिच्यात व्होल्टेज पडतं, ५ व्होल्टचे कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत कमी होतात, दिवसा तेवढ्यात भागतं पण एलईडी लागले की भागत नाही आणि कॅमेरा रिस्टार्ट होतो. खात्री करायला अॅपमधून नाइट व्हिजन बंद ठेवून एक रात्र काढली, एकदाही बंद पडला नाही. मग जाड तारेची, लांबी कमी असलेली केबल टाकली आणि अॅडॉप्टर २ अँपियरचा घेतला, तेव्हापासून आजपर्यंत ती तक्रार नाही. तुमचाही कॅमेरा रात्रीच जात असेल तर वायफायच्या मागे लागायच्या आधी ही एक रात्रीची टेस्ट करा प्लीज, लोक चांगले कॅमेरे परत करून टाकतात यापायी.

वायफायचा त्रास असेल तर तो वेगळा दिसतो, वेळ ठरलेली नसते, चित्र अडकत अडकत चालतं, आवाज तुटतो. बऱ्याच अॅपमध्ये किंवा राउटरच्या पानावर सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) दिसतो, उणे ६५ च्या आसपास असेल तर छान, उणे ७५ च्या खाली गेला की लाइव्ह बघताना वैताग येणारच. फोनवर तिथे दोन कांड्या दिसतात म्हणून कॅमेऱ्यालाही तेवढाच मिळेल असं नसतं, कॅमेऱ्याचा अँटेना छोटा आणि बरेचदा भिंतीला चिकटलेला. २.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी जो कमी गर्दीचा तो पक्का करून ठेवा, ऑटोवर राउटर मधेच चॅनल बदलतो आणि काही कॅमेऱ्यांना ते झेपत नाही.

रेकॉर्डिंग. २ एमबीपीएस बिटरेटला (दर सेकंदाला व्हिडिओचा किती डेटा साठतो ते) सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस, मग जुनं पुसून नवं. व्हिडिओ दाबून लहान करायची एच.२६५ ही पद्धत असेल तर तीच लावा, एच.२६४ पेक्षा कमी बिटरेटमध्ये तसंच चित्र मिळतं, फक्त काही जुन्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये ते उघडत नाही. कार्ड मात्र हाय एन्ड्युरन्सचंच (सतत लिहिणं सोसणारं) घ्या, साधी कार्डं अशा चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेलीच नसतात. माझ्याकडचं साधं कार्ड काही महिन्यांत गेलं आणि वाईट म्हणजे अॅपमध्ये कार्ड नॉर्मल दाखवत होतं, लाइव्ह दिसत होतं, फक्त आत काहीच साठत नव्हतं. तेव्हापासून दर आठवड्याला आदल्या दिवसाची एखादी क्लिप उघडून बघते. चालते की नाही एवढंच, पण बघते. वेळ आणि टाइम झोनही तेव्हाच तपासते, वीज जाऊन आली की काही कॅमेरे घड्याळ चुकवतात आणि मग चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग कुणाला दाखवून उपयोग नाही.

मोशन अलर्ट पहिल्या आठवड्यात डोकं उठवतात. इन्फ्रारेडकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर हलणारं जाळं म्हणजे रात्रभर नोटिफिकेशन. माणूस ओळखण्याचं सेटिंग असेल तर तेच चालू ठेवा, नुसत्या पिक्सेल बदलावर अलर्ट ठेवू नका, आणि झाडाचा भाग झोनमधून काढून टाका. लेन्स महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने पुसायची. काचेच्या खिडकीआडून कॅमेरा लावायचा विचार असेल तर दिवसा ठीक, रात्री त्याचाच इन्फ्रारेड काचेवरून परत येतो आणि सगळं पांढरं दिसतं.

आता सुरक्षेबद्दल, इथे मी जरा कडक आहे. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायचे, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडायचे सल्ले सर्रास दिले जातात, आरटीएसपीचा (कॅमेऱ्याच्या लाइव्ह व्हिडिओचा) ५५४ उघडा, अमुक उघडा. करू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने) जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते फक्त कंपनीने दिलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड एकेक करून टाकून, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, एवढा मोठा हल्ला झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, राउटरचं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारं सेटिंग) बंद करा, आणि जमलं तर कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाका म्हणजे त्यांना घरातले लॅपटॉप दिसत नाहीत. बाहेरून बघायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) लावा, पण आधी इंटरनेट देणाऱ्याला विचारा की तुमचं कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता) आहे का, असेल तर बाहेरून थेट घरच्या राउटरपर्यंत पोचताच येत नाही आणि आपण उगाच सेटिंग उलटंपालटं करत बसतो. घराच्या आत, बेडरूममध्ये वगैरे कॅमेरा लावू नये असं माझं मत आहे, आणि दारावरचाही शेजाऱ्यांच्या दाराकडे रोखलेला नसावा, प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग काळा करता येतो.

कॉम्प्युटरवर किंवा एनव्हीआरवर (नेटवर्कवरून रेकॉर्ड करणारा डबा) रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी राउटरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) रिझर्व करून ठेवा, नाहीतर राउटर रिस्टार्ट झाला की पत्ता बदलतो आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. घेतानाच ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर जुळावेत म्हणून असलेलं मानक) सपोर्ट आहे ना बघा, मग उद्या कंपनीचं अॅप बंद पडलं तरी कॅमेरा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येतो.

दारावरच्या कॅमेऱ्यावर मी समाधानी आहे, तो तसाच राहील. मागे मात्र पुढच्या वेळी पीओई घेणार, एकाच लॅन केबलमधून वीजही आणि डेटाही, १०० मीटरपर्यंत चालतं, पीओईमध्ये व्होल्टेज ४८ च्या आसपास असल्यामुळे लांब केबलमधली घट तेवढी जाणवत नाही. भिंतीला भोक पाडावं लागेल, केबल ओढावी लागेल, हे खरं. भाड्याच्या घरात असाल तर वायफायवालाच बरा, पण केबल जाड घ्या.