जहाजावरची क्राफ्ट बिअर: दहा महिने, चार क्रूझ

फ्लोरिडात राहायला आल्यापासून क्रूझ ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. गाडी काढली की बंदर. गेल्या दहा महिन्यांत चार सफरी झाल्या. दोन कार्निव्हल होरायझनवर, एक नॉर्वेजियन एस्केपवर आणि एक अशा जहाजावर ज्याचं नाव मी लिहिणार नाही. चारही वेळा बिअरकडे नीट लक्ष दिलं, काय प्यायलो ते फोनमध्ये टिपून ठेवलं. भारतातून किंवा इथून क्रूझ बुक करणारे बरेच मित्र "जहाजावर चांगली बिअर मिळते का?" असं विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी चव कुठे तयार झाली तेही सांगतो, म्हणजे माझं मत कुठून येतंय हे कळेल. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच थोडी-थोडी बिअर बनवणाऱ्या) एक. तिथे पहिल्यांदा गव्हाची बिअर प्यायलो. केळ्याचा आणि लवंगेचा तो वास कुठल्याही इसेन्सचा नसतो, यीस्ट तो तयार करतं, हे तिथेच कळलं. तेव्हापासून मला बिअर ताजी लागते.

आणि जहाजावर सगळा प्रश्न ताजेपणाचाच आहे.

आधी चांगलं सांगतो. समुद्रात बिअर बनवायला २०१० मध्ये जर्मन कंपनीच्या आयडाब्लू या जहाजावर सुरुवात झाली. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर ती २०१६ मध्ये कार्निव्हल व्हिस्टासोबत आली आणि २०१८ मध्ये होरायझनवर. होरायझनवर ही ब्रुअरी स्मोकहाउसला जोडूनच आहे. लाकडाच्या धुरावर शिजवलेलं मांस आणि शेजारी बिअर. पार्चडपिग या नावाखाली स्मोक्ड पोर्टर (धुरकट काळी बिअर), अंबर एल (एल म्हणजे उबेत, लवकर आंबणारी बिअर), फार्महाउस एल आणि वेस्ट कोस्ट आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सच्या फुलांमुळे वासाची आणि कडवट) असे प्रकार मिळतात.

पहिल्या सफरीत माझे सासरे, आप्पा, सोबत होते. बार्शीकडचे, सत्तरीतले, ज्वारीची शेती. कधीतरी एखादी लागर (नेहमीची सोनेरी बिअर) घेतात, तेवढंच. मी चार छोट्या ग्लासांची फ्लाइट मागवली आणि त्यांच्यासमोर ठेवली. अंबर त्यांनी एक घोट घेऊन बाजूला सारली. मग काळी पोर्टर उचलली, प्यायच्या आधी नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली.

"जावईबापू, ह्याला हुरड्याच्या आगटीचा वास येतोय हो."

मी पुन्हा वास घेतला. खरंच. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजताना जो थोडा गोडसर, थोडा करपट धूर कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो, त्याच जातीचा. या बिअरचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, वाळवताना त्याला धुरी दिलेली असते आणि तो वास शेवटपर्यंत टिकतो. आप्पांनी तो ग्लास अर्धा तास पुरवून प्यायला. फेस कमी होत गेला तसे काचेवर एकाखाली एक पांढरे वळे राहिले, प्रत्येक घोटाचा एक. ग्लास स्वच्छ असला आणि बिअर चांगली असली की हे वळे उमटतात. मी बार निवडताना आजही पहिल्यांदा तेच बघतो. दुसऱ्या सफरीत, पाच महिन्यांनी, पोर्टर तशीच निघाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण छोट्या ब्रुअरीत एक बॅच झकास आणि पुढची पाणचट असं सर्रास होतं.

आता पाण्याबद्दल, कारण जहाजावरची बिअर समुद्राच्या पाण्याची म्हणून लोकांच्या मनात शंका असते. समुद्राचं पाणी पिण्याजोगं करताना त्यातलं मीठ जातं आणि बाकीचे क्षारही जवळजवळ सगळे जातात. हाती येतं ते अगदी मऊ पाणी. चेक देशातल्या पिल्सन शहराचं पाणी मऊ, म्हणून तिथली लागर तशी नितळ. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम हा क्षार भरपूर, म्हणून तिथल्या एलचा कडवटपणा धारदार. जहाजावरच्या ब्रुअरला कोरी पाटी मिळते. आयपीए करायची तर जिप्सम घाला, माल्टचा गोडवा वर आणायचा तर कॅल्शियम क्लोराइड. त्यामुळे "समुद्राच्या पाण्याची बिअर" ऐकून नाक मुरडू नका. खारटपणाचा प्रश्नच येत नाही. अडचण असते ती जागेची. लागरला थंड टाकीत आठवडेच्या आठवडे मुरायला लागतं, एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. मोजक्या टाक्या असलेल्या जहाजावर म्हणूनच एल परवडते.

नॉर्वेजियन एस्केपवर बिअर बनवत नाहीत, पण डिस्ट्रिक्ट ब्रू हाउस नावाचा बार फक्त बिअरलाच वाहिलेला आहे. २०१५ मध्ये जहाज आलं तेव्हा त्यात २४ टॅप (बिअरचे नळ) आणि बाटल्यांचे ५० वर प्रकार होते, आणि मायामीच्या विनवूड ब्रुइंग या ब्रुअरीला सोबत घेतलं होतं. बारमनशी बोलत बसायला छान जागा आहे. मी तिथे एक नियम पाळला: बाजूचे लोक ज्या टॅपवरची सगळ्यात जास्त मागवत होते, तीच घ्यायची. केग (टॅपला जोडलेलं बिअरचं पिंप) जितका लवकर संपतो, तितकी बिअर ताजी. आठवडाभरात एकही ग्लास परत करावा लागला नाही.

आता ते चौथं जहाज. बिअरचं कार्ड चार पानांचं, अमेरिकेतल्या नावाजलेल्या ब्रुअरींच्या आयपीए ओळीने लावलेल्या. पहिल्या संध्याकाळी सोबतच्या हर्षाने त्यातल्याच एका आयपीएचा डबा (कॅन) मागवला. ओतला तर रंग गढूळ, कोऱ्या चहासारखा. आंबा, संत्र्याची साल, जे काही यायला हवं होतं त्यातलं काही नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. डबा उलटा करून बुडावरची तारीख पाहिली, भरून अकरा महिने झाले होते. दुसरा मागवला, तोही त्याच महिन्याचा. बारवाल्या मुलीने काही न बोलता पैसे वजा केले, तिचा त्यात काहीच दोष नव्हता. पण ग्लासमागे शहरातल्या पबपेक्षा जास्त पैसे घ्यायचे, वर सर्व्हिस चार्ज लावायचा आणि मरून गेलेली बिअर द्यायची, याचा मला मनापासून राग आला. हॉप्सचा वास उन्हाने, उबेने आणि काळाने उडतो. बंदरावरचं गोदाम, मग जहाजाचं कोठार, मग बारचा फ्रिज, एवढा प्रवास आयपीएला सोसत नाही. एकेकाळी हीच जातकुळी इंग्लंडहून जहाजात भरून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांनी मुंबईला उतरायची हे खरं, पण ती वेगळी बिअर होती, लांबच्या प्रवासात मुरावी अशीच बांधलेली. आजची आयपीए ताजीच प्यायची असते. उरलेल्या दिवसांत मी तिथे स्टाउट (काळी, दाट बिअर) आणि बेल्जियन बाटल्यांवर राहिलो. त्या सहा-आठ महिन्यांनी खचत नाहीत, आणि एक बेल्जियन तर फारच सुरेख निघाली.

ड्रिंक पॅकेजबद्दल. मी चारपैकी एकदाच घेतलं. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की बाकीच्या मोठ्यांनाही घ्यावं लागतं. माझी बायको पीत नाही, त्यामुळे आमचा हिशोब कधीच जुळत नाही. दिवसाला दोन-तीन ग्लास पिणाऱ्याने सुटे घ्यावेत. पॅकेज असलं की वसूल करायच्या नादात माणूस चवीकडे बघतच नाही, हेही त्या एका सफरीत पाहिलं. आणि घरून चार डबे बॅगेत टाकून नेऊ असं मनात आणू नका. बिअर चढवू देत नाहीत, तपासणीत बाजूला काढून ठेवतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एवढंच: जहाजावर चढल्या दिवशी, गर्दी व्हायच्या आत, बिअर बारमध्ये जा आणि "या आठवड्यात कुठला केग नवा लावलाय?" असं विचारा. हा प्रश्न विचारला की बारमनचा चेहरा बदलतो, तो मनापासून सांगतो. डबा घेतलात तर उघडण्याआधी बुडाची तारीख वाचा. आयपीए तीन महिन्यांपलीकडची असेल तर सरळ दुसरं काही मागा.

आप्पा जानेवारीत बार्शीला परतले. मागच्या रविवारी फोनवर सांगत होते, शेतावर हुरडा सुरू झालाय, पाहुणे येऊन गेले. मग विचारलं, "ती काळी बाटलीत मिळते का तिकडे?" होरायझनवरची तीच मिळते का ते माहीत नाही, पण ऑर्लँडोच्या दुकानात धुरी दिलेल्या माल्टची एक जर्मन बिअर मी पाहिलीय. मार्चमध्ये जाताना दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून नेणार आहे.