अख्खा कुकर, की हॉब आणि वेगळा ओव्हन?

ब्रिटनमध्ये ‘कुकर’ म्हणजे शिट्टीवाला नव्हे. वर बर्नर, खाली ओव्हन अशी अख्खी उभी शेगडी. नुसत्या वरच्या भागाला ‘हॉब’ म्हणतात. स्वयंपाकघर नव्याने करताना यातलं काय घ्यायचं, इथे बरेचजण अडतात.

भाड्याच्या घरात कुकरच बरा. स्वस्त पडतो, घर बदलताना सोबत नेता येतो. ओव्हनपासून सुटा हॉब घ्यायचा तर ओटा कापावा लागतो, ६० सेंटिमीटरच्या हॉबला साधारण ५६ × ४९ चं भोक. गॅसची जोडणी दोन्हीकडे ‘गॅस सेफ’ या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्याकडूनच करून घ्यायची.

तरी माझ्या लेखी पारडं झुकतं ते फटीपाशी. कुकर आणि ओटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर जागा उरतेच. फोडणीचं तेल, उडालेली मोहरी, पोळ्यांचं पीठ, सगळं तिथून खाली. साफ करायला कुकर ओढायचा, तर गॅसच्या कुकरची भिंतीला अडकवलेली मागची साखळी आधी सोडवा, मग नळी ताणली जात नाही ना ते बघत राहा. फट झाकायच्या सिलिकॉनच्या पट्ट्या मिळतात, पण त्या सरकतात आणि त्यांच्याखाली तेल साचतं ते वेगळंच. ओट्यात बसवलेल्या हॉबच्या काठाखाली सीलची पट्टी असते. फडका फिरवला की काम झालं. रोज फोडणी होणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

ग्रिलचंही तसंच. ब्रिटनमधला ग्रिल वरून आच देतो, त्यामुळे भरिताचं वांगं त्याखाली छान भाजतं: टोचे मारा, तेल चोळा, दर सात-आठ मिनिटांनी फिरवा, अर्ध्या तासात साल सुटतं. कुकरमध्ये हे दरवेळी वाकून करावं लागतं. उंच कपाटातल्या डबल, म्हणजे दोन पोकळ्यांच्या, ओव्हनचा ग्रिल छातीच्या उंचीवर येतो. सिंगल ओव्हनमध्ये ग्रिल त्याच पोकळीत असतो, म्हणजे वांगं भाजताना केक थांबणार. डबल मागवताना उंची मात्र तपासा: ओट्याखाली बसणारा साधारण ७२ सेंटिमीटर, कपाटातला ८८-८९. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

विजेचं आधी विचारून घ्या. सिंगल ओव्हन बहुधा १३ अँपियरच्या प्लगवर चालतो. डबल ओव्हन किंवा मोठा इंडक्शन हॉब म्हटलं की स्वतंत्र लाइन लागते, सहसा ३२ अँपियरची. शिवाय इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर तापत नाही आणि फुलका आचेवर फुगवता येत नाही.

घर स्वतःचं असेल तर मी गॅसचा हॉब आणि कपाटातला डबल ओव्हन सुचवेन. जागा ५० सेंटिमीटरचीच असेल, तर कुकरला फारसा पर्याय नाही.