शिवभोजन थाळी: दहा रुपयांच्या ताटाचा हिशेब

दोन चपात्या, वाटीभर भाजी, भाताची एक मूद, वाटीभर वरण. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हाच ताटाचं माप ठरलं: चपाती ३० ग्रॅमची, भाजी १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम. जेवणारा दहा रुपये देतो. वरचे ४० शहरात आणि २५ ग्रामीण भागात सरकार केंद्रचालकाला देतं.

माप पुरं भरलं तर ढोबळमानाने ५५० कॅलरी आणि १५-१६ ग्रॅम प्रथिनं. रिक्षावाला, वॉचमन, बसून पॅकिंग करणारी बाई यांना दुपारपुरतं हे ताट नेमकं आहे. मार्केट यार्डातल्या हमालाला मात्र तोकडं. मध्यम कष्टाच्या पुरुषालाच दिवसाला सुमारे २,७०० कॅलरी लागतात, हमालाला त्याहून जास्त. मग चार वाजता वडापाव आणि गोड चहा. दोन वडापावांत थाळीएवढ्या कॅलरी असतात, पण सगळा मैदा, बटाटा आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल. ओझी वाहणाऱ्याच्या अंगात ते जिरतं. त्याचा मुलगा सिक्युरिटीत लागतो, चार पैसे बरे मिळतात, अंगमेहनत सुटते, खाणं तेच राहतं आणि तिशीत पोट सुटतं. गरिबाघरी लठ्ठपणा येतो तो बहुतेकदा असा. त्याला खादाडपणा म्हणणं अन्यायाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के स्त्रिया कृश निघाल्या, तर २३.४ टक्के जास्त वजनाच्या.

थाळी बिघडते ती वरणापाशी. डाळ महागली किंवा अनुदान रखडलं की वरण पातळ होतं आणि भाजीत रोज बटाटा येतो. भात-चपाती तेवढीच, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं. पण प्रथिनं कमी पडली की भूक लवकर परतते. म्हणून वाढताना पळी तळातून घ्यायला सांगा, डाळ खाली बसलेली असते. कष्टाचं काम असेल तर खिशात ५० ग्रॅम फुटाणे ठेवा: साधारण दहा ग्रॅम प्रथिनं, आणि चारचा वडापाव सहज टळतो.

दहा रुपयांत एवढं ताजं, गरम, घरच्यासारखं जेवण बाहेर कुठेच मिळत नाही, म्हणून ही थाळी टिकायलाच हवी. सुधारणा दोनच हव्यात आणि त्या तातडीने: वरण १५० ग्रॅम, आणि आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मटकी किंवा चवळीची उसळ.